रातांब्याकडलीची पत्रं

परळच्या ज्या कॉलेजात मी नोकरी करते, तिथे अकरा वर्षं माझ्या केबिनच्या दारावर 'प्रभारी ग्रंथपाल' अशी पाटी होती. जुने ग्रंथपाल निवृत्त झाले, जागा भरायची राहिली, आणि काम माझ्याकडे आलं ते तसंच राहिलं. प्रत्येक कागदावर माझी सही आणि सहीखाली कंसात 'प्रभारी'. फणसवाडीत आमच्या मजल्यावरचे लोक दर दिवाळीला विचारायचे, "काय, केलं का कायम?" आणि मी दर दिवाळीला हसून विषय बदलायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं त्यामागे याहून मोठं काही नव्हतं.

एका सोमवारी प्राचार्यांनी बोलावून घेतलं. मूल्यांकन समिती येणार होती. आदल्या खेपेला तिने शेरा मारला होता, की कॉलेजातल्या संशोधनाचा डिजिटल संग्रह नाही.

"मॅडम, रिपॉझिटरी पाहिजे," प्राचार्य म्हणाले. "आपल्या प्राध्यापकांचे लेख, पुस्तकं, जुने एम.फिल.चे प्रबंध, सगळं ऑनलाइन दिसलं पाहिजे. चार महिन्यांत."

नेमक्या याच गोष्टीसाठी मी दर जूनला अर्ज करत आले होते. त्या अर्जांवर 'पाहिले' एवढा एकच शब्द लिहून यायचा. समितीचं नाव निघाल्यावर स्कॅनर आठवड्याभरात हजर झाला. राग यायला हवा होता, पण मला आनंदच झाला. मला या कामाची खरोखर हौस होती. आमच्या जिन्याखालच्या दोन कपाटांत पन्नासेक वर्षांचे प्रबंध कोंबलेले होते, मरून रेक्झिनची बांधणी, त्यावर सोनेरी अक्षरं, आत कसर. मी नोकरीला लागल्यापासून ती कपाटं फार तर झाडलोट करायला उघडली गेली असतील.

माझ्या मदतीला लायब्ररीचे अटेंडंट होते. त्यांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं. लालबागचे, मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत. निवृत्तीला वर्षभर उरलेलं. मामा पान धरायचे, मी बटण दाबायची. मग मी कॉम्प्युटरवर लेखक, शीर्षक, विषय, मार्गदर्शक असे रकाने भरायची आणि मामा पुढचा प्रबंध मऊ ब्रशने साफ करून ठेवायचे. आमचं फारसं बोलणं व्हायचं नाही. पण तो दीड महिना माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला काळ होता, हे आज कबूल करताना जड जातं.

एका दुपारी पान उलटता उलटता मामा थांबले. बोट ओळीवर ठेवून हळूहळू वाचायला लागले.

"औंदा आंब्याक मोहर येवक नाय, आणि तुमीय येवक नाय. गायीन पाडो दिल्यान. पोरग्याक शाळेत घातलंय. फोटो धाडतंय म्हणालास, तो अजून पावाक नाय."

"काय आहे हो ते?" मी विचारलं.

मामांनी प्रबंध मिटला, पहिलं पान उघडून लिहिणारीचं नाव वाचलं आणि खुर्चीत बसले. माझ्यासमोर ते कधी बसत नसत.

"मॅडम, हे माझ्या आयेचं पत्र आहे," ते म्हणाले. "शाळेत घातलेला पोरगा म्हणजे मी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या चाळीत गावच्या मंडळाची एक खोली होती, तिथे बायकामुलं गावी ठेवून आलेले गिरणी कामगार एकत्र राहायचे. मामांचे वडीलही आधी तिथेच. गावाहून बायकांची पत्रं यायची, त्यांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेली, आणि इथे पुष्कळांना वाचता यायचं नाही. शेजारच्या खोलीतली शाळकरी मुलगी रविवारी सकाळी येऊन ती मोठ्याने वाचून दाखवायची, उत्तरंही लिहून द्यायची. ती मुलगी पुढे शिकली, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका झाली. चाळ तिला बाई म्हणायला लागली, आणि बाईंनी नोकरी सांभाळून आमच्या कॉलेजातून समाजशास्त्रात एम.फिल. केलं ते या पत्रांवर. गिरणी बंद पडून माणसं गावी परतायला लागली तेव्हा खोलीतल्या लोकांनी आपली पत्रं तिच्या हवाली केली होती.

मी तो प्रबंध घरी नेला आणि दोन बैठकींत वाचून काढला. जुन्या टाइपरायटरवर टाइप केलेला, जागोजागी पांढऱ्या शाईने दुरुस्त केलेला. बाईंनी स्वतःचं शहाणपण फार मिरवलं नव्हतं. पत्रं होती, आणि प्रत्येक पत्राखाली ते वाचताना खोलीत काय झालं ते. कोण रडलं, कोण उठून नळावर गेलं, कुणी दोनदा वाचायला लावलं. सुरुवातीच्या प्रकरणात लिहिलं होतं की या बायका अजून हयात आहेत, त्यांची नावं उघड करणं बरोबर नाही, म्हणून मी प्रत्येक घराला मनाने एका झाडाचं नाव दिलं आहे. फणसाकडली, वडाकडली, शेवग्याकडली. मामांची आई रातांब्याकडली, म्हणजे कोकमाच्या झाडाकडली, होती.

पुढच्याच आठवड्यात प्राध्यापकांची पुस्तकं चढवायला घेतली. समाजशास्त्राचे विभागप्रमुख म्हणजे आमचे उपप्राचार्य. त्यांचं एक पुस्तक कॉलेजचं भूषण होतं. त्याला पुरस्कार मिळालेला, वर्तमानपत्रांतून परीक्षणं आलेली. लायब्ररीच्या दाराशी काचेच्या कपाटात ते दर्शनी ठेवलेलं असायचं. मामा त्या दिवशी रजेवर होते. चौथ्या प्रकरणाचं तिसरं पान स्कॅनरखाली होतं आणि मला 'रातांब्याकडली' हा शब्द दिसला.

आंब्याला मोहर नाही, गायीला झालेला पाडा, म्हणजे गोऱ्हा, न आलेला फोटो, सगळं होतं. पत्राखाली लिहिलं होतं, 'लेखकाने क्षेत्रीय पाहणीत मिळवलेले पत्र.' आणि पुढे पूर्ण प्रकरणभर एक सिद्धांत. कोकणातल्या स्थलांतरित कुटुंबांत घरांना झाडांच्या नावाने ओळखण्याची एक विस्मृत परंपरा होती, ती प्रस्तुत लेखकाने उजेडात आणली आहे. त्यावर मग निसर्ग, अस्मिता, मातृसत्ता वगैरे.

मी आधी हसले. एकटी, मोठ्याने. बाईंनी घरी बसून पाडलेली टोपणनावं सरांनी परंपरा म्हणून खपवली होती. त्यांनी प्रबंधाचं पहिलं प्रकरण वाचलंच नसणार, चोरी करतानासुद्धा नुसतं चाळलं होतं.

चढवण्याआधी प्रत्येक मजकूर साहित्यचोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढायचा नियम होता. सरांचं पुस्तक मी काढलं. यंत्राने ते निर्दोष ठरवलं. जगभरच्या वेबसाइट धुंडाळणाऱ्या यंत्राला आमच्या जिन्याखालचं कपाट कुठून दिसणार? मी दोन्ही मजकुरांच्या छापील प्रती काढल्या, समोरासमोर लावल्या, सारख्या ओळींखाली पेन्सिलने रेघा ओढल्या आणि तो गठ्ठा टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं.

प्रबंध ऑनलाइन ठेवायला लेखकाचं संमतीपत्र लागतं. ते घेऊन मामांबरोबर मी बाईंकडे गेले. चाळ पडून तिथे उंच इमारत उभी राहिली होती. बाई वरच्या मजल्यावर एका खोलीत राहायच्या, सोबत भाची. साठी ओलांडलेली, किडकिडीत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मामांनी आईच्या पत्राचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, ते पत्र वाचलं तेव्हा तुझ्या बापाने मला लाडू दिला होता. पाडा झाला म्हणून."

मी संमतीपत्र पुढे केलं.

"म्हणजे आता कुणीही वाचू शकेल?"

"कुणीही. मोबाइलवरसुद्धा."

"माझ्याकडची प्रत गेली हो," त्या म्हणाल्या. "चाळ खाली करून संक्रमण शिबिरात गेलो तेव्हा सामान हलवताना एक गाठोडं हरवलं, त्यात होती. इतकी वर्षं मी स्वतःच लिहिलेलं वाचलेलं नाही." त्यांनी सही केली, खाली तारीख घातली, अक्षर शाळेतल्या फळ्यावरचं. मग जरा संकोचून म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? तुमचे आत्ताचे उपप्राचार्य तेव्हा नवे लेक्चरर होते. मार्गदर्शक दुसरे होते, पण हे म्हणाले, मूळ पत्रं तपासून देतो. मी पत्र्याच्या डब्यासकट सगळी त्यांच्या हातात दिली होती. नंतर दोनदा मागितली. त्यांच्याकडे अजून असतील का? विचाराल? माझी नाहीत ती, लोकांची आहेत."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना पुस्तकाचं काही सांगितलेलं नव्हतं. बाईंनाही सांगितलं नाही. "विचारते," एवढंच म्हटलं आणि चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी खणातला गठ्ठा घेऊन मी प्राचार्यांकडे गेले. एवढं तरी केलं. त्यांनी चष्मा लावून पंधरा मिनिटं पाहिलं. मध्ये एकदा "अरे बापरे" म्हणाले. मग सगळी पानं टाचणी लावून माझ्याकडे परत दिली.

"हे आणखी कुणी पाहिलंय?"

"नाही सर."

"समिती जाऊ दे, मग बघू. तोवर हा प्रबंध दिसायला नको."

"आणि सरांचं पुस्तक?"

"ते कसं काढणार? समितीला पाठवलेल्या अहवालात पहिल्या पानावर आहे."

चार वाजता उपप्राचार्य स्वतः लायब्ररीत आले. प्राचार्यांनी एका दिवसाचाही दम धरला नव्हता. अशा वेळी आवाज चढवणाऱ्यांतला माणूस नव्हता तो. खुर्ची ओढून बसले, रिपॉझिटरीचं कौतुक केलं.

"फार कष्ट घेतलेत मॅडम. समितीसमोर मी तुमचं नाव घेणार आहे." मग थोडं थांबून, "संस्थेच्या पुढच्या बैठकीत ग्रंथपालाच्या जागेचा विषय आहे. माझी शिफारस आहेच. अकरा वर्षं म्हणजे अति झालं."

धमकी त्यात शोधूनही सापडली नसती. मी पत्र्याच्या डब्याचं विचारणार होते, शब्दही मनात जुळवून ठेवले होते. विचारलं नाही. "थँक यू सर" म्हणाले.

आमच्या प्रणालीत प्रत्येक नोंदीला तीन पर्याय आहेत. सर्वांसाठी खुले, कॉलेजपुरते, आणि मर्यादित. मी बाईंच्या नोंदीवर 'मर्यादित' निवडलं आणि 'जतन करा' दाबलं. शीर्षक दिसेल, आतलं पान उघडणार नाही. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं हे उपप्राचार्यांनी चिठ्ठीवर लिहून पाठवलं होतं, खासगी पत्रव्यवहार असल्याने कुटुंबांच्या गोपनीयतेसाठी. त्या कुटुंबातला एक माणूस माझ्यापासून चार हातांवर बसून पुस्तकांवर नंबर चिकटवत होता.

समिती आली. शाली, नारळ, संगणक कक्षात सादरीकरण. उपप्राचार्यांनी स्वतः रिपॉझिटरी उघडून दाखवली आणि खरोखर माझं नाव घेतलं. समितीतल्या एका वयस्क प्राध्यापकांना तो झाडांच्या नावांचा भाग फार आवडला. मला विचारलं, "या परंपरेवर आणखी काही साहित्य आहे का तुमच्या संग्रहात?"

सगळे माझ्याकडे बघत होते. प्राचार्य टेबलावरची फुलदाणी सरळ करायला लागले.

"सध्या हेच एक आहे सर," मी म्हटलं.

समितीच्या अहवालात ग्रंथालयाचं वेगळं कौतुक आलं. स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले. मामांनी पेढा घेतला नाही, साखर आहे म्हणाले. त्यांना साखर नव्हती. रिपॉझिटरी उघडून आईच्या पत्रांवरचं 'मर्यादित' त्यांनीही पाहिलं असणार.

बाई आल्या त्या समिती जाऊन महिना झाल्यावर. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. भाचीने मोबाइलवर शोधून दिलं होतं. नाव दिसत होतं, उघडत नव्हतं, 'ग्रंथपालांशी संपर्क साधा' असं येत होतं.

"म्हणून संपर्क साधायला आले," त्या हसून म्हणाल्या.

मी त्यांना अर्जाचा नमुना दिला. आजही तो प्रसंग आठवला की मला माझेच हात दिसतात, तो कागद त्यांच्यासमोर सरकवणारे. स्वतःचा प्रबंध वाचायला परवानगी मिळावी म्हणून बाईंनी अर्ज भरला. 'वाचनाचा हेतू' असा एक रकाना होता. तिथे त्या पेन धरून बराच वेळ थांबल्या, मग लिहिलं, 'मी लिहिलेला आहे.' शिफारस संबंधित विभागप्रमुखांची लागत होती. मी तो अर्ज वर पाठवला आणि अर्ध्या तासात तो परत आला. 'गोपनीयतेच्या कारणास्तव नामंजूर.'

"गोपनीयता कुणाची?" बाईंनी विचारलं.

तेवढ्यात मामा जिन्याखालून आले. हातात मरून रेक्झिनची मूळ प्रत. त्यांनी ती बाईंच्या पुढ्यात ठेवली.

"मामा, असं चालणार नाही," मी म्हटलं.

"माझ्या आयेची पत्रं हत मॅडम," ते म्हणाले. चिडले की ते मालवणीवर जायचे. "परवानगी मी देतंय. लिवून होयी तर लिवून देतंय."

बाई खिडकीजवळच्या टेबलावर बसल्या आणि दुपारभर वाचत राहिल्या. अधूनमधून चष्मा काढून पुसायच्या. मी काउंटरवरून बघत होते. हे एवढ्यावर संपलं तर बरं, असं माझ्या मनात आलं. साडेचारला त्यांनी प्रबंध मिटला, मामांचे आभार मानले आणि बाहेर पडताना दाराशी त्या काचेच्या कपाटासमोर उभ्या राहिल्या. उपप्राचार्यांचं नाव वाचून त्यांना बरंच वाटलं असावं.

"बघू का हे?"

मामांनी कुलूप काढून पुस्तक त्यांच्या हातात दिलं. मला उठून काहीतरी बोलता आलं असतं. मी बसून राहिले. बाईंनी अनुक्रमणिका पाहिली, चौथं प्रकरण उघडलं. उभ्या उभ्या चारपाच पानं वाचली. मग पुस्तक घेऊन माझ्या काउंटरपाशी आल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तुमच्या घरी आले त्याच्या आधीपासून."

त्यांनी पुस्तक मिटलं. मामा बोलले. "आणि मला पण नाय सांगितलंत?" एवढंच. पुस्तक बाईंनी काउंटरवर ठेवलं, पिशवी उचलली आणि गेल्या.

त्यांनी तक्रार केली. हाताने लिहिलेली, चार पानांची, कुठेही वाईट शब्द नाही. तीन जणांची चौकशी समिती नेमली गेली. प्राचार्य, संस्थेचे एक पदाधिकारी, आणि अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक, जे उपप्राचार्यांबरोबर रोज डबा खायचे. उपप्राचार्यांनी सांगितलं की पत्रं त्यांनी स्वतंत्रपणे मिळवली होती. त्या चाळींतून अशी पत्रं पुष्कळ होती, एकच पत्र दोघांच्या हाती लागणं शक्य आहे. डबा? कसला डबा? बाईंकडे त्याची पोचपावती नव्हती. आपल्या कॉलेजच्या सरांकडून पोचपावती कोण घेतं?

मामांना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

"साहेब, यातली रातांब्याकडली म्हणजे माझी आई," ते म्हणाले. "आणि आमच्या दारात रातांब्याचं झाड कधी नव्हतंच. माड होते दोन. हे नाव बाईंनी मनाने घातलेलं. सरांना दुसरीकडून पत्र मिळालं असतं, तर त्यांना रातांबा कुठून मिळाला?"

मी भिंतीशी बसले होते. इतक्या सोप्या शब्दांत मलाही मांडता आलं नसतं. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी लिहून घेतलं, आणि नंतर अहवालात आलं की सदर कर्मचारी विषयाचे तज्ज्ञ नाहीत व त्यांचे तक्रारदाराशी जुने घरोब्याचे संबंध आहेत.

शेवटी मला विचारलं. "मॅडम, दोन्ही मजकूर तुम्ही ताडून पाहिलेत का?"

बाई समोर बसल्या होत्या, हात मांडीवर. खणातला गठ्ठा खाली होता, कुलपात, पेन्सिलच्या रेघांसकट. प्राचार्यांनी तो पाहिला होता, आणि मी ताडून पाहिलंय हे त्यांना माहीत होतं. माझ्या जागेचा विषय असलेली बैठक पुढल्या गुरुवारी होती.

"नाही सर," मी म्हटलं. "माझं काम स्कॅन करून चढवण्याचं. मजकुरात मी लक्ष घालत नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या खिडकीकडे बघत होत्या. तक्रार पुराव्याअभावी निकाली निघाली, आणि पुढच्या गुरुवारी मी कायम झाले. पाटी बदलायला सुतार आला तेव्हा मामा दोन दिवस रजेवर होते.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी निरोप समारंभात मी भाषण केलं. ते हात जोडून उभे होते, माझं भाषण संपल्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांत ते नव्हते. नंतर एकदा लालबागला मसाल्यासाठी मिरच्या घ्यायला गेले असताना ते समोरून आले. मी हाक मारली, "मामा!" त्यांनी दुकानदाराला विचारलं, "बेडगी कशी दिलीस?" आणि पुढे गेले.

उपप्राचार्य वर्षभराने सन्मानाने निवृत्त झाले. त्यांच्या सत्काराचे फोटो रिपॉझिटरीत मीच चढवले. त्यानंतर पंधरवड्याने, कुणालाही न विचारता, मी बाईंच्या प्रबंधावरचा 'मर्यादित' काढून 'सर्वांसाठी खुले' केलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. आता त्यात धाडस उरलेलं नव्हतं. आणि उशीरही झाला होता. झाडांच्या नावांची ती परंपरा तोवर दुसऱ्या कॉलेजांतल्या दोन प्रबंधांत पोचली होती, तळटीपांसकट. परवा एक संशोधक मुलगी त्यावरच काम करायला आली. मी तिला बाईंचा प्रबंध उघडून पहिलं प्रकरण दाखवलं. तिने वाचलं, विचारात पडली.

"पण मॅडम, पुस्तक तर पुरस्कारप्राप्त आहे," ती म्हणाली. "हा तर नुसता एम.फिल.चा. आणि आता माझा आराखडा मंजूर झालाय."

ती गेल्यावर मी खणातला गठ्ठा काढून प्राचार्यांना पाठवावा असं दोनदा मनात आलं. प्राचार्यही आता नवे आहेत. गठ्ठा अजून खणात आहे.

त्या संध्याकाळी कॉलेज सुटायच्या आधी मी संमतीपत्रावरचा नंबर लावला. बाईंना निदान एवढं तरी कळावं की प्रबंध आता उघडतो. फोन भाचीने घेतला. मी कॉलेजच्या लायब्ररीतून बोलतेय म्हटल्यावर ती "एक मिनिट" म्हणाली. मागे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला. मग पुटपुटल्यासारखं बोलणं ऐकू आलं.

"आत्या विचारते, काय काम आहे?" भाची म्हणाली.

"त्यांचा प्रबंध आता सगळ्यांना वाचता येतोय, एवढंच सांगायचं होतं."

तिने ते तसंच्या तसं आत सांगितलं.

"ठीक आहे म्हणते," भाची म्हणाली. "आणि म्हणते, पुन्हा फोन करू नका."